पत्रकार संरक्षण कायदा आहे, पण त्यात मी बसत नाही. यावर बोलायचंय

तालुक्याचा_बातमीदार

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचतोय, लिहिणं क्वचित होतं. आज लिहितोय कारण विषय डोक्यातून जातच नाहीये.

मी एका दैनिकाचा तालुका वार्ताहर आहे, चौदा वर्षं झाली. पगार नाही, बातमीमागे मानधन आणि दिवाळी पुरवणीच्या जाहिरातींवर कमिशन, बाकी घरची दोन एकर शेती आणि बायकोचं शिवणकाम यावर आमचं चालतं. गेल्या वर्षी नदीपात्रातल्या वाळू उपशाची बातमी करत होतो. रात्री अकराच्या सुमारास दोन हायवा डंपर भरताना फोटो काढले, चार जण आले, मारलं, फोन दगडावर आपटला आणि पाण्यात फेकला. हाताला मुका मार लागला, हाड मोडलं नाही. पोलीस ठाण्यात गेलो तर एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, लिहून घेतली. मी म्हटलं साहेब पत्रकार संरक्षण कायदा लावा, तो दखलपात्र आहे, अजामीनपात्र आहे. ते म्हणाले लावतो की, नेमणूकपत्र दाखवा. आता नेमणूकपत्र आमच्याकडे कुठून येणार? दरवर्षी एक ओळखपत्र मिळतं, त्यावरच बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की धारक हा संस्थेचा कर्मचारी नाही. ऑफिसला फोन केला तर डेस्कवरच्या माणसाने खूप सहानुभूती दाखवली पण कागद काही दिला नाही.

मग मी कायदाच काढून वाचला. महाराष्ट्राने २०१७ साली केलाय, राष्ट्रपतींची संमती मिळून २०१९ च्या अखेरीस लागू झाला. पत्रकारावर किंवा माध्यम संस्थेवर हल्ला केला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, तपास डीवायएसपी म्हणजे पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या खालचा अधिकारी करू शकत नाही, नुकसानभरपाईची तरतूद आहे. असा कायदा करणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य, आणि यासाठी आमच्या संघटनांनी कितीतरी वर्षं मोर्चे काढलेत, मी स्वतः त्यात उन्हात उभा राहिलोय. पण व्याख्या वाचली आणि गप्प बसलो. पत्रकार म्हणजे ज्याचा मुख्य व्यवसाय पत्रकारिता आहे आणि जो नियमित किंवा कंत्राटी नोकरीत आहे असा माणूस. संपादक, उपसंपादक, बातमीदार, व्यंगचित्रकार, छायाचित्रकार, अगदी मुद्रितशोधकसुद्धा आहे त्यात. आणि हे सगळे आहेत नोकरीतले. आता तालुक्याच्या पातळीवर मार खाणाऱ्यांमधे नोकरीत असलेला कोण असतो मला सांगा.

हे कमी होतं म्हणून की काय, आठेक महिन्यांनी कोर्टाची नोटीस आली. त्याच वाळूच्या आधीच्या एका बातमीवरून फौजदारी बदनामीचा खाजगी दावा, तोही शेजारच्या जिल्ह्यात, कारण पेपरची आवृत्ती तिथेही जाते. एसटीने एका बाजूला सव्वातीन तास. आत्तापर्यंत पाच तारखा झाल्या.

म्हणजे मला वाचवायचा कायदा आहे त्यात मी पत्रकार नाही, आणि मला खेचायचा कायदा आहे त्यात मी पुरेपूर पत्रकार आहे. हे असं का, आणि जगात दुसरीकडे याचं काय करतात, कुणाला माहीत असेल तर लिहा.

निशिगंध

वाचून फार वाईट वाटलं दादा. हाताची तब्येत आता बरी आहे ना? मला कायद्यातलं काही कळत नाही पण एक विचारते, प्रेस फ्रीडमच्या बातम्यांमधे नेहमी 'आंतरराष्ट्रीय मानकं' असा शब्द येतो, ती मानकं नेमकी कुठे लिहिलीयेत आणि आपल्याला ती लागू आहेत का? की नुसतं परदेशी संस्थांनी म्हणायचं आणि आपण ऐकायचं असं आहे?

काळा_कोट

मी जिल्हा न्यायालयात वकिली करतो, फौजदारी बाजूला जास्त. दोघांनाही एकत्रच उत्तर देतो, लांबेल.

निशिगंध ताई, मानकं परदेशी संस्थांची नाहीत, आपणच सही केलेल्या कराराची आहेत. नागरी आणि राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार, १९६६ चा, भारत त्यात १९७९ साली सामील झाला. त्यातलं कलम १९ म्हणजे मत बाळगण्याचं, माहिती शोधण्याचं, मिळवण्याचं आणि इतरांना देण्याचं स्वातंत्र्य. योगायोग असा की आपल्या राज्यघटनेतही हा हक्क कलम १९ मधेच आहे, आणि 'वृत्तपत्र स्वातंत्र्य' असा वेगळा शब्द घटनेत नाहीच, नागरिकाच्या भाषण स्वातंत्र्यातूनच कोर्टाने तो काढला. म्हणजे पत्रकाराला वेगळं असं काही दिलेलं नाही, तुमचा माझा जो हक्क तोच त्याचा. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

त्या करारात स्वातंत्र्यावर बंधन घालता येतं, पण तीन अटींवर. एक, बंधन कायद्यात लिहिलेलं हवं आणि वाचणाऱ्याला कळेल इतकं स्पष्ट हवं. दोन, कारण ठरलेल्या यादीतलं हवं, म्हणजे दुसऱ्याचे हक्क किंवा प्रतिष्ठा, राष्ट्रीय सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, आरोग्य, नीती, बस. तीन, आणि कोर्टात खरी झोंबाझोंबी इथेच होते, बंधन गरजेपुरतंच हवं. गोधडीत ढेकूण झाले म्हणून गोधडी जाळायची नाही. या कलमाचा अर्थ लावणारी टिप्पणी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने २०११ मधे काढली, क्रमांक ३४. आता बातमीदार साहेब तुम्ही नीट वाचा. त्यात म्हटलंय की पत्रकारिता हे एक काम आहे आणि ते अनेक लोक करतात, पूर्णवेळ पगारी बातमीदार करतात तसे ब्लॉग लिहिणारे आणि स्वतःचं स्वतः छापणारेही करतात, आणि सरकारने पत्रकारांची सरसकट नोंदणी किंवा परवाना पद्धत ठेवणं या कराराशी जुळत नाही. म्हणजे तुम्ही काय करता ते बघायचं, तुमच्या खिशात काय आहे ते नाही. आपल्या २०१७ च्या कायद्याने नेमकं उलटं केलंय.

बदनामीबद्दलही त्याच टिप्पणीत आहे. बदनामी हा फौजदारी गुन्हा ठेवायचा का याचा देशांनी फेरविचार करावा, ठेवलाच तर अगदी गंभीर प्रकरणांपुरता, आणि तुरुंगवास ही बदनामीला कधीच योग्य शिक्षा नाही. आपल्याकडे सुप्रीम कोर्टाने २०१६ मधे सुब्रमण्यम स्वामी प्रकरणात फौजदारी बदनामी वैध ठरवली, प्रतिष्ठा हा जगण्याच्या हक्काचाच भाग म्हणून. मला तो निकाल पटत नाही, पण आज कायदा तोच आहे. जुन्या दंडसंहितेतलं बदनामीचं कलम ५०० गेलं, भारतीय न्याय संहितेत ३५६ आलं, दोन वर्षांपर्यंत साधी कैद तशीच राहिली, फक्त समाजसेवा हा शिक्षेचा पर्याय नवीन आला.

तुमच्या केसबद्दल इथे जाहीर लिहित नाही, व्यक्तिगत निरोप करतो.

मिरजेचे_आबा

मी जरा वेगळं बोलणार आहे, कुणी राग मानू नका. बातमीदार भाऊंवर जे झालं ते वाईटच. पण माझ्या पुतण्याचं रेशन दुकान आहे, त्याच्याकडे दर महिन्याला कुणीतरी चॅनलचा बूम माईक घेऊन येतं, मोबाईल चालू करतं, 'काळाबाजार उघडकीस' म्हणून ओरडतं आणि नंतर बाजूला घेऊन आकडा सांगतं. गाडीवर प्रेस लिहिलेलं, गळ्यात कार्ड. एका तालुक्यात असे पन्नास झालेत. यांना पण अजामीनपात्र कायद्याचं कवच द्यायचं का? उद्या पुतण्याने त्याला नुसतं दुकानाबाहेर काढलं तरी पत्रकारावर हल्ला म्हणून आत जाईल. सरकारने व्याख्या घट्ट केली ती उगाच नाही.

तालुक्याचा_बातमीदार

आबा, राग कशाला, तुम्ही म्हणता ते रोज डोळ्यासमोर बघतो. आम्हालाच त्यांचा जास्त त्रास आहे, एखाद्या शाळेत खिचडीची बातमी करायला गेलो तर मुख्याध्यापक आधी पाकिटाकडे हात नेतात, तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं होतं. पण आबा तुम्हीच लिहिलंय बघा की गळ्यात कार्ड असतं. म्हणजे कार्ड त्याच्याकडे आहे. शे-दोनशे रुपयात छापून मिळतं, साप्ताहिकाच्या नावावर नेमणूकपत्रही मिळतं. घट्ट व्याख्येतून तो अलगद आत जातो आणि मी बाहेर राहतो, कारण मी खोटा कागद बनवत नाही.

काळा_कोट

आबांच्या मुद्द्यात दम आहे, पण उपाय दुसरीकडे आहे. पैसे मागितले की ती खंडणी, तो गुन्हा आहेच, मागणारा पत्रकार असो नाहीतर अजून कुणी. २०१७ च्या कायद्यातसुद्धा खोटी तक्रार करणाऱ्याला शिक्षा ठेवलीये. आणि दुकानाबाहेर जा म्हणणं हा हल्ला होत नाही, हल्ला म्हणजे मारहाण, जिवाला धोका, मालमत्तेचं नुकसान.

परवाना देऊन पत्रकारिता स्वच्छ होते हा विचार नवीन नाही, आणि त्याची एकदा चांगली परीक्षा झालीये. कोस्टारिका नावाच्या छोट्या देशात पत्रकार व्हायचं तर तिथल्या अधिकृत पत्रकार मंडळाचं सभासदत्व सक्तीचं होतं, नाहीतर बेकायदा. कारण तुमचंच, दर्जा राहावा, नीती राहावी. १९८५ साली आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयाने मत दिलं की हे चालणार नाही. डॉक्टर वकिलांचं ठीक आहे, पण पत्रकार जे करतो ते म्हणजे प्रत्येक माणसाला असलेला बोलायचा हक्कच तो पूर्णवेळ वापरतो, त्याला परवाना लावला तर हक्कालाच परवाना लावल्यासारखं होईल. मी कॉलेजात असताना हे वाचलं होतं आणि अजून विसरलो नाही.

आपल्याकडे छत्तीसगडने २०२३ मधे स्वतःचा माध्यमकर्मी सुरक्षा कायदा केला. तिथेच जानेवारी २०२५ च्या सुरुवातीला विजापूरचे पत्रकार मुकेश चंद्राकर यांचा मृतदेह सेप्टिक टँकमधे सापडला, रस्त्याच्या कामातल्या भ्रष्टाचाराच्या बातमीनंतर. यूट्यूबवर चॅनल चालवायचे, बस्तरमधल्या बातम्या द्यायचे. यूट्यूबवाला म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर आबांनी सांगितलेला माणूस येतो, पण हाही यूट्यूबवालाच होता.

कोकणकडा

राजापूरचं कुणी लिहिलं नाही अजून म्हणून लिहितो. पत्रकार शशिकांत वारिशे. ६ फेब्रुवारी २०२३ ला दुचाकीवरून जाताना गाडीने उडवलं, दुसऱ्या दिवशी गेले. बारसू रिफायनरीच्या विरोधातल्या लोकांच्या बातम्या सातत्याने द्यायचे आणि त्याच दिवशी सकाळी त्यांची बातमी आली होती. माझं गाव तिथून लांब नाही. तेव्हा सगळा कायदा होता ना राज्यात, २०१९ पासून होता. एवढंच मला लिहायचं होतं, जास्त लिहवत नाही.

मिरजेचे_आबा

वारिशेंचं तेव्हा वाचलं होतं. बरोबर आहे तुमचं कोकणकडा. मी पुतण्याच्या त्रासाने बोललो, पण माझं म्हणणं असं नव्हतं की खऱ्या माणसाला वाऱ्यावर सोडा. मग व्याख्या करायची तर कशी करायची ते तरी सांगा कुणीतरी.

जुन्या_कागदात

व्याख्येवर जाणकार बोलतीलच, मी बदनामीवर थोडं मागचं सांगतो कारण आपण मराठी लोक ही गोष्ट अर्धीच सांगतो.

टिळक राजद्रोहासाठी तुरुंगात गेले हे सगळ्यांना पाठ आहे, १८९७ आणि १९०८. पण टिळक पहिल्यांदा आत गेले ते राजद्रोहात नाही, बदनामीत. १८८२ साल, केसरी सुरू होऊन जेमतेम दीड वर्ष झालेलं. कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींना, चौथ्या शिवाजी महाराजांना, कारभारी बर्वे छळतात असे लेख 'केसरी' आणि 'मराठा' या पत्रांत आले. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा फौजदारी खटला भरला. ज्या पत्रांवर लेख आधारलेले होते ती बनावट निघाली. टिळक आगरकरांनी माफी मागितली तरी चार महिन्यांची शिक्षा झाली, डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. जामिनाला कोण उभं राहिलं? जोतीराव फुल्यांच्या सांगण्यावरून त्यांचे मित्र रामशेठ उरवणे, दहा हजारांचा जामीन. विचारांनी दोन टोकं, पण पत्रकार आत जातोय म्हटल्यावर जोतीराव मागे राहिले नाहीत.

आता मला यात महत्त्वाचं काय वाटतं तर ते दोघे चुकले होते. पत्रं खोटी होती. म्हणजे निर्दोष पत्रकाराला शिक्षा झाली अशी ही सोपी गोष्ट नाही. पण महाराजांचे हाल ही कल्पना नव्हती, पुढच्याच वर्षी अहमदनगरला ते पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत गेले. बातमीचा गाभा खरा, पुराव्यातला कागद खोटा. वकील साहेब, अशा चुकीला तुमची ती टिप्पणी काय म्हणते?

काळा_कोट

फार चांगला प्रश्न. ती टिप्पणी म्हणते की सार्वजनिक व्यक्तींबद्दल चुकून, पण दुष्ट हेतू नसताना छापलं गेलेलं असत्य शिक्षापात्र ठरवणं टाळावं, आणि जनहित हा बचाव मान्य असावा. दिवाणी बाजूला आपल्या सुप्रीम कोर्टाने १९९४ मधे राजगोपाल प्रकरणात बरंचसं हेच मान्य केलंय, सरकारी अधिकाऱ्याच्या कामकाजाबद्दल लिहिलं तर वार्ताहराने सत्याची पर्वाच केली नाही हे दाखवल्याशिवाय नुकसानभरपाई नाही. पण फौजदारीत आजही १८६० च्या दंडसंहितेतलीच चौकट आहे. तिथे नुसतं खरं असून पुरत नाही, खरं आणि लोकहिताचंही आहे हे आरोपीने दाखवायचं. म्हणजे टिळक आगरकर ज्या कायद्याखाली गेले त्याच्याच नातवाखाली आपले बातमीदार साहेब तारखा करतायत. नवीन फौजदारी प्रक्रिया संहितेत एक बरं केलंय की खाजगी फिर्यादीत दखल घेण्याआधी मॅजिस्ट्रेटने आरोपीला म्हणणं मांडायची संधी द्यायची. ती संधी कुणी सोडू नका, लेखी म्हणणं द्या, बहुतेक जण घाबरून नुसती पुढची तारीख मागतात.

उत्तरेची_वाट

मी गेली नऊ वर्षं स्वीडनमधे आहे, स्टॉकहोमजवळ. इथलं थोडं सांगते कारण बातमीदार दादांनी विचारलंय की दुसरीकडे काय करतात.

इथला छपाई स्वातंत्र्याचा कायदा १७६६ चा, जगातला पहिला, आणि तो साधा कायदा नाही, इथल्या राज्यघटनेच्या चार मूलभूत कायद्यांपैकी एक आहे, म्हणजे आज बहुमत आलं आणि उद्या बदलला असं करता येत नाही. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी की सरकारी कार्यालयातल्या कुणी पेपरला माहिती दिली तर 'कुणी दिली' हे शोधायलाच त्या कार्यालयाला बंदी आहे. नुसतं शोध घेणं हासुद्धा गुन्हा. मी इथे एका नगरपालिकेत काम करते आणि पहिल्याच आठवड्यात ट्रेनिंगमधे हे सांगितलं, मी दोनदा विचारलं की खरंच का. दुसरं म्हणजे प्रत्येक वृत्तपत्राचा एक जबाबदार प्रकाशक नोंदवलेला असतो, छापलेल्या मजकुराची कायदेशीर जबाबदारी त्याची, बातमीदाराची नाही. दादा तुमच्या प्रकरणात पेपरने हात वर केले, इथे ते जमलंच नसतं.

सगळं सोन्याचं आहे असं नाही हं. बदनामी इथेही फौजदारी गुन्ह्यातच आहे. पण वृत्तपत्रावरच्या खटल्यात नऊ जणांची ज्यूरी बसते, इथल्या न्यायव्यवस्थेत एरवी ज्यूरी नसतेच, फक्त यासाठी, आणि दोषी धरायला सहा जण तरी लागतात.

आणि शेजारच्या जिल्ह्यात केस घालण्याचा जो प्रकार आहे त्याला आता युरोपात नाव आहे आणि कायदाही आहे. माल्टाच्या डाफ्ने कारुआना गालिझिया या पत्रकार बाईंना २०१७ मधे गाडीत बॉम्ब ठेवून मारलं, त्या गेल्या तेव्हा त्यांच्यावर चाळीसहून जास्त बदनामीचे दावे चालू होते. त्यानंतर २०२४ मधे युरोपीय संघाने निर्देश काढला, की पत्रकाराला गप्प करायला घातलेला उघड निराधार दावा कोर्टाने सुरुवातीलाच फेटाळता आला पाहिजे आणि खर्च दावा घालणाऱ्यावर टाकता आला पाहिजे. फक्त दिवाणी आणि देशाच्या सीमा ओलांडणाऱ्या दाव्यांपुरता आहे, सगळ्या देशांनी आपापल्या कायद्यात आणायची मुदत मे २०२६ ची दिलेली.

निशिगंध

सोर्स शोधायलाच बंदी, हे वाचून मी थबकले. आपल्याकडे तर पहिलं काम तेच असतं, कुणी फोडलं.

काळा_कोट

आपल्याकडे सूत्र सांगायला लावू नये असं स्पष्ट कलम कुठल्याच फौजदारी कायद्यात नाही. प्रेस कौन्सिलच्या १९७८ च्या कायद्यात आहे, पण ते फक्त कौन्सिलसमोरच्या कामकाजापुरतं. विधी आयोगाने १९८३ मधे ९३ व्या अहवालात सुचवलं होतं की पुराव्याच्या कायद्यात पत्रकाराच्या सूत्राला संरक्षण द्या. तो कायदा जाऊन २०२४ मधे नवा आला, तरी ते कलम आलेलं नाही. आणि आता प्रश्न नुसता साक्षीचा राहिला नाहीये, फोन आणि लॅपटॉप उचलून नेला की सूत्र विचारायची गरजच उरत नाही.

मांडवीतीर

गोव्यातून. सेन्सॉर म्हणजे काय हे आमच्या आधीच्या पिढीला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. पोर्तुगीज काळात, तिथला हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत छापायच्या आधी मजकूर दाखवावा लागे, आजोबा सांगायचे की लग्नपत्रिकासुद्धा पास करून आणावी लागायची. त्यांच्या स्वतःच्या पत्रिकेचा शिक्का मारलेला कागद घरात खूप वर्षं होता. १९६१ नंतर ते संपलं. म्हणून मला एक सांगावंसं वाटतं, छापायच्या आधीचं बंधन आणि नंतरची शिक्षा यात आधीचं बंधन जास्त वाईट, कारण काय गेलं ते लोकांना कधी कळतच नाही. हल्ली कोर्टातून एकतर्फी मनाई हुकूम आणून बातमी काढायला लावतात ते मला त्याच जातीचं वाटतं.

काळा_कोट

मांडवीतीर, त्यावर सुप्रीम कोर्टाने मार्च २०२४ मधे चांगलं म्हटलंय, ब्लूमबर्ग विरुद्ध झी प्रकरणात. खटला चालायच्या आधीच लेख काढायला लावणारा मनाई हुकूम सहजासहजी देऊ नका, तसं करणं म्हणजे वाद सुरू होण्याआधीच लिखाणाला मृत्युदंड.

आणि आपल्या कोर्टांचं नुसतं वाईटच सांगू नये. बॉम्बे हायकोर्टाने आणीबाणीतसुद्धा, १९७६ मधे, मिनू मसानींच्या 'फ्रीडम फर्स्ट' या मासिकाच्या बाजूने निकाल दिला होता. पुण्याच्या 'सकाळ'ची केस तर कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. केंद्राने कायदा केला की किती पानं द्यायची ते किमतीवरून ठरणार, कारण दाखवलं छोट्या वृत्तपत्रांचं संरक्षण. ऐकायला किती गोड. सुप्रीम कोर्टाने १९६१ मधे तो रद्द केला, म्हणाले पानं कमी केली की मजकूर कमी होतो, किंमत वाढवली की खप कमी होतो, दोन्हीकडून बोलण्यावरच घाला. आत्ताचं म्हणाल तर केंद्राची फॅक्ट चेक युनिटची तरतूद, सरकारच्या कामाबद्दल खरं काय ते सरकारच ठरवणार, ती सप्टेंबर २०२४ मधे बॉम्बे हायकोर्टात टिकली नाही. शब्द फार ढोबळ आणि उपाय गरजेपेक्षा मोठा. वर सांगितलेल्या तीन अटी इथे लावून बघा.

माहिती_अधिकारवाला

पत्रकारिता म्हटलं की सगळे हल्ला आणि बदनामीवर बोलतात, एक दार मागून बंद होतंय ते कुणी बघत नाही. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा. आधीच्या मसुद्यांत पत्रकारितेसाठी सूट होती, अंतिम कायद्यात नाही. आणि त्याच कायद्याच्या कलम ४४ ने माहिती अधिकार कायद्यातलं कलम ८(१)(जे) बदललं. पूर्वी वैयक्तिक माहिती सार्वजनिक कामाशी संबंधित असली तर मिळायची, आता वैयक्तिक म्हटलं की नाकारता येतं, जनहिताची सर्वसाधारण तरतूद उरते पण ती वापरायची की नाही हे त्याच अधिकाऱ्याच्या हातात. बातमीदार दादा, तुमच्या वाळूच्या ठेक्यात कुणाच्या नावावर किती ब्रास परमिट निघालं हे आता मागून बघा, काय उत्तर येतं ते. देशाच्या आधी, २००२ मधे माहिती अधिकार आणलेल्या राज्यात हे लिहावं लागतंय.

तालुक्याचा_बातमीदार

मागितलंय. 'त्रयस्थ व्यक्तीची वैयक्तिक माहिती' असं उत्तर आलं, अपील टाकलंय.

सगळ्यांचं दोनदोनदा वाचलं. निशिगंध ताई, हात बरा आहे, विचारलंत तेच खूप झालं. आबा तुम्ही विचारलंत ना व्याख्या कशी करायची, तर वकील साहेबांशी रात्री फोनवर बोलून एक कच्चं लिहिलंय. आमच्या आमदारांना आणि संघटनेला द्यायचंय, सरकारी भाषेत ते घालतीलच, माझ्या भाषेत असं आहे:

'पत्रकार म्हणजे लोकांच्या उपयोगाची माहिती गोळा करून, तपासून, ती कुठल्याही माध्यमातून लोकांपर्यंत नेण्याचं काम नेहमी करणारी व्यक्ती. ती पगारी असो, मानधनावर असो, स्वतःचं चालवत असो. तिच्याबरोबर काम करणारा छायाचित्रकार, गाडीचालक, स्थानिक मदतनीस हेही यात येतील. कागद नाही म्हणून कुणाला वगळता येणार नाही, आधी केलेल्या बातम्या हा पुरावा धरला जाईल. पैसे मागण्यासाठी हे काम केल्याचं सिद्ध झालं तर संरक्षण मिळणार नाही.'

शेवटचं वाक्य आबा तुमच्यासाठी घातलंय. नोंदणीची यादी मुद्दाम मागितली नाही, यादी आली की यादीतून काढणारा माणूस आला. बाकी मसुद्यात अजून दोनच गोष्टी. गुन्हा नोंदवून या कायद्याचं कलम लावायचं की नाही हे ठाण्यात ठरू नये, चोवीस तासात डीवायएसपींनी लेखी कारण द्यावं. आणि बदनामीच्या खाजगी फिर्यादी जिथे वार्ताहर राहतो आणि काम करतो त्याच तालुक्यात चालाव्यात, हे राज्याच्या हातात कितपत आहे ते वकील साहेब बघतायत.

काळा_कोट

ते केंद्राच्या संहितेत येतं, राज्य दुरुस्ती करू शकतं पण पुन्हा राष्ट्रपतींची संमती लागेल. २०१७ चं विधेयक दोन वर्षांहून जास्त तिकडे होतं. तरी मागणी ठेवा. निवेदनात हेही लिहा की १९९३ च्या मानवी हक्क संरक्षण कायद्याने मानवी हक्कांच्या व्याख्येतच हा आंतरराष्ट्रीय करार घेतलाय, आणि विशाखा प्रकरणात १९९७ मधे सुप्रीम कोर्टाने आपल्या कायद्यातली पोकळी आंतरराष्ट्रीय कराराच्या आधारे भरली होती. म्हणजे कुणी 'हे बाहेरचं' म्हटलं तर उत्तर तयार. मात्र एक खरं सांगतो, या करारासोबतचा व्यक्तिगत तक्रारीचा जो जोडकरार आहे त्यात भारत नाही, त्यामुळे तुम्ही आम्ही थेट जिनिव्हाला त्या मानवी हक्क समितीकडे तक्रार नेऊ शकत नाही. समिती देशाचा अहवाल तपासते तेवढंच, तेही १९९७ नंतर थेट २०२४ च्या जुलैत झालं.

उत्तरेची_वाट

गाडीचालक आणि मदतनीस घातलंत ते फार बरं केलंत. एक सुचवू का, श्रीलंकेचंही उदाहरण द्या, युरोपचं दिलं की लोक म्हणतात त्यांचं वेगळं. श्रीलंकेने २००२ मधेच बदनामी फौजदारीतून काढली.

जुन्या_कागदात

द्या, पण पूर्ण द्या. कायदा रद्द केल्यावर जवळपास सात वर्षांनी, जानेवारी २००९ मधे, तिथले संपादक लसंथा विक्रमतुंगे यांचा कोलंबोजवळ भर दिवसा रस्त्यात खून झाला. तुरुंगाची भीती काढली आणि मारेकऱ्याला मोकळं सोडलं तर काय होतं ते त्यात दिसतं. म्हणून चोवीस तासातल्या लेखी कारणाचा मुद्दा पहिला ठेवा, व्याख्येच्याही वर.

मिरजेचे_आबा

शेवटचं वाक्य वाचलं. माझी सही घ्या त्या निवेदनावर. पुतण्याची पण घेतो, त्याला समजावून.

तालुक्याचा_बातमीदार

घेतो आबा. क्रम बदलला, तपासाचा मुद्दा वर घेतला. गुरुवारी तारीख आहे, पहाटेची साडेपाचची एसटी, लेखी म्हणणं टाइप करून झालंय. आल्यावर इथे लिहितो.